मागच्या बाकावरच्या घरतबाई

घरतबाईंनी माझा पहिला सराव पाठ पाहिला, तेव्हा सबंध पाठभर त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पनवेलच्या आमच्या अध्यापक विद्यालयात आम्ही डी.एड. करत होतो. बारावी झाली की दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम, आणि तो पार पडला की प्राथमिक शाळेत नोकरी. म्हणून आई-वडिलांनी आम्हाला तिथे घातलेलं. खऱ्या शाळेतल्या खऱ्या मुलांसमोर आम्ही पाठ घ्यायचे आणि आमच्या अध्यापकांनी मागे बसून शेरे लिहायचे, याला सराव पाठ म्हणत. मी तिसरीला झाडाचे भाग शिकवले. आठवडाभर खपून मोठा तक्ता रंगवला होता. मूळ, खोड, फांदी, पान, सगळं मी खणखणीत आवाजात सांगितलं. घरतबाई मात्र मागच्या बाकावर मुलांच्यात अंग चोरून बसल्या होत्या आणि खिडकीशी बसलेल्या एका मुलीकडे बघत होत्या. मला वाटलं, बाईंना कंटाळा आला.

पाठ संपल्यावर त्या मला शाळेच्या आवारातल्या बदामाच्या झाडाखाली घेऊन गेल्या. पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या.

"आधी खा. तोंड भरलेलं असलं की माणूस स्वतःची वकिली करत नाही."

मी खाल्लं. मग त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"चांगला झाला ना बाई?"

"कसा झाला ते राहू दे. मी काय झालं ते विचारलं."

"मी तक्ता दाखवला. भाग सांगितले. मुलांना समजलं."

"कुणाला?"

"मुलांना."

"मुलं म्हणजे कोण? नाव सांग."

मला एकाही मुलाचं नाव येत नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. शेंगेचं टरफल बाजूला टाकत म्हणाल्या, "खिडकीपाशी बसली होती ती सुगंधा. तू मुळं सांगत होतीस, तेव्हा तिने शेजारणीला विचारलं, मग रताळं मूळ का फळ? शेजारणीला माहीत नव्हतं. तुला विचारायला ती उठणार होती. पण तू तोवर खोडावर गेलीस."

इतकंच. माझा पाठ वाईट होता असं त्या म्हणाल्या नाहीत, बरा होता असंही नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं की या बाई चक्रम आहेत. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेत लवकर गेले आणि सुगंधाला रताळ्याचं सांगून आले.

इंदुमती घरत त्यांचं नाव. उरणच्या वाटेवरच्या एका गावातल्या, मिठागरवाल्या घरातल्या. नवरा लवकर गेला, मुलगा एकच, तोही शिकून बडोद्याला कंपनीत लागलेला. बुटकी, सावळी मूर्ती, इस्त्री नसलेली पण स्वच्छ सुती साडी, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. वर्गात शिरताना चपला बाहेर काढायच्या. त्यांचं म्हणणं, चपलांचा आवाज झाला की पोरं सावरून बसतात आणि सावरून बसलेली पोरं बघून काय उपयोग? आमच्याशी पुस्तकी म्हणावं असं शुद्ध बोलायच्या. गावाकडचं पोर समोर आलं की मात्र त्यांची जीभ लगेच सैल व्हायची. "काय रे, आज डबा नाय आणलास?" आणि ते पोर बाईंना चिकटायचं.

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असायची. तिच्यात शेंगा, आणि काळा टेपरेकॉर्डर. तो घरचा होता, गावातल्या भजनी मंडळाने वापरून वापरून खिळखिळा केलेला. सेल उतरले की बाई ते विद्यालयाच्या कठड्यावर उन्हात वाळत घालायच्या. म्हणायच्या, थोडं ऊन खाल्लं की अजून एक पाठ निघतो. त्या टेपवर त्या आमचे पाठ उतरवून घेत आणि आम्हालाच ऐकवत. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर प्रत्येकजण कानावर हात ठेवायचा. कुणी दर वाक्याला "समजलं का?" म्हणत असे, कुणी सारखं "शांत बसा, शांत बसा" करत असे. शोभा कदम नावाची माझी मैत्रीण वर्गात चक्क आपल्या आत्याच्या आवाजात बोलत होती. ते ऐकून ती आधी लाजली आणि मग पोट धरून हसली. कॅसेट मुळात भजनाची, त्यामुळे आमचा पाठ संपला की क्षणभर खरखर व्हायची आणि मग एकदम टाळ-मृदंग सुरू व्हायचा. एखाद्याचा पाठ फारच पडलेला असला की त्या टाळांनी हवा हलकी व्हायची.

टेप ऐकताना बाई काही बोलत नसत. मध्येच बटण दाबून थांबवायच्या आणि आपण बोलायची वाट बघायच्या. आपण "इथे मी चुकले" म्हटलं की लगेच हात वर करायच्या. "चुकलीस की नाही ते राहू दे. काय केलंस ते सांग. मग मुलांनी काय केलं ते सांग. एवढं नीट सांगता आलं, तर पुढचं तुझं तुलाच कळेल. मी काय जन्मभर तुझ्या मागे बसणार आहे?"

विद्यालयात दुसरे अध्यापक होते देवधर सर. उंच, गोरे, कडक. त्यांचे शेरे ठरलेले असत. 'फलकलेखन सुबक. उच्चार स्पष्ट. वेळेचे नियोजन साधारण.' बाईंची ही बदामाखालची बैठक त्यांना पटत नसे. "घरतबाई, तुम्ही विद्यार्थ्यांना गुण सांगत नाही, मग त्यांना सुधारणा कळणार कशी?" असं ते शिक्षकखोलीत मोठ्याने म्हणायचे. बाई म्हणायच्या, "सर, सुबक फळा मी पण बघते. पण त्याच्याकडे कोण बघतंय तेही बघते." दोघांचं रोज वाजायचं आणि संध्याकाळी बाईंची बस चुकली की देवधर सरच त्यांना स्कूटरवरून एस.टी. स्टँडवर सोडायचे.

एकदा शोभा धीट झाली. बदामाखाली सगळे असताना म्हणाली, "बाई, रोज तुम्ही आमचे पाठ बघता. एकदा तुम्ही पाठ घ्या. आम्ही मागे बसतो."

आम्ही जागच्या जागी गार पडलो. अध्यापकांना असं कुणी म्हणत नसे. बाई खुशीत हसल्या. "घेते की. सोमवारी. चौथीचा वर्ग."

सोमवारी बाईंनी अपूर्णांक शिकवले. भाकरी आणली होती, ती मोडून पाव, अर्धा, पाऊण दाखवले. आम्ही मागे दाटीवाटीने बसलो होतो, टेप सुरू होता. मुलं हसली, हात वर झाले, सगळं छान दिसत होतं. पाठ संपल्यावर बदामाखाली आमच्या मध्ये बसून बाई म्हणाल्या, "आता सांगा. काय झालं?"

आम्ही एकामागून एक सुरू झालो. खूप सुंदर, बाई. मुलांना फार आवडलं, बाई. भाकरीची कल्पना किती छान, बाई.

बाईंचा चेहरा उतरत गेला. "तुम्ही मला घाबरता," त्या म्हणाल्या. "माझ्याशी खोटं बोलताय. वर्षभर शिकवलं ते असं तोंडावर आपटलं माझं."

मग शोभा हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही प्रश्न विचारत होतात, पण उत्तराला थांबत नव्हतात. म्हणजे... उत्तर तुम्हीच देत होतात."

"मी?"

"हो बाई. जवळजवळ दरवेळी."

"नाव सांग."

"तो शेवटच्या रांगेतला उस्मान. त्याने तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तुम्ही आधी बोललात."

बाईंनी टेप लावला. त्यातून त्यांचाच आवाज येत होता. "अर्ध्याचा अर्धा म्हणजे किती? पाव! बरोबर ना? आणि दोन पाव म्हणजे? अर्धा!" मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. बाई ऐकत राहिल्या. टाळ-मृदंग सुरू झाला तरी त्यांनी बटण दाबलं नाही. शेवटी म्हणाल्या, "एवढी वर्षं मी असंच करत आलेय का?" तो प्रश्न आम्हाला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

शोभा रडकुंडीला आली. "बाई, माफ करा."

"माफी कसली मागतेस? मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शेंगा घे."

दुसऱ्या दिवसापासून बाई पिशवीत लवंगा ठेवू लागल्या. वर्गात प्रश्न विचारला की एक लवंग दाढेखाली धरायची आणि तिचा तिखटपणा उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आम्हाला गंमत वाटायची. पण पुढच्याच आठवड्यात उस्मानने त्याच अपूर्णांकांवर त्यांना उत्तर दिलं, तेही चुकीचं. आणि बाई त्या चुकीच्या उत्तरावर अशा काही खूश झाल्या की मुख्याध्यापकांना वाटलं, कुणाला शिष्यवृत्ती मिळाली.

आमच्या वर्गात भगवान म्हात्रे होता. खाडीकाठच्या गावातला, बाईंसारखाच मिठागरांच्या घरातला. तो आधीच्या वर्षी पाठ परीक्षेत नापास होऊन पुन्हा बसला होता. बाहेरून परीक्षक येत, एक पाठ बघत आणि त्यावर सगळं ठरत असे. भगवान अभ्यासात चांगला होता, पण वर्गात उभा राहिला की लाकडासारखा व्हायचा. देवधर सरांनी त्याच्या वहीत वर्षभर एकच शेरा लिहिला होता, 'उच्चार ग्रामीण'. त्यामुळे तो एकेक शब्द पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखा बोलायचा. "विद्यार्थ्यांनो, आता आपण निरीक्षण करूया." पोरं जांभया द्यायची. या वेळी नापास झाला तर घरचे त्याला नाव्हा-शेव्याच्या बंदरावर कामाला लावणार होते. तसं त्याच्या काकाने बोलूनही ठेवलं होतं.

त्याचा एक टेप बाईंनी आम्हा सगळ्यांना ऐकवला. पाठ आपला रखडत चालला होता. मध्येच एका पोराचा आवाज आला, "गुर्जी, कोलबी मासा हाय का?" आणि भगवानचा आवाज, एकदम वेगळा, मोकळा. "नाय रे येड्या, तिला काटा कुठं हाय?" लगेच वर्गात कल्ला. मग खेकडा? मग कालवं? सगळी पोरं एकदम बोलत होती. त्यानंतर भगवानचा कोरडा आवाज, "शांत बसा. आपण पाठाकडे वळूया." आणि वर्ग पुन्हा मेला.

बाईंनी बटण दाबलं. भगवान खाली मान घालून म्हणाला, "चुकून बोललो, बाई."

"काय झालं ते सांग."

"मी... गावच्या भाषेत बोललो."

"मग मुलांनी काय केलं?"

भगवान मान वर करून म्हणाला, "जागी झाली."

देवधर सर दारात उभे राहून ऐकत होते. ते तसेच निघून गेले. पण त्या दिवसानंतर भगवानच्या वहीत तो शेरा पुन्हा आला नाही.

पाठ परीक्षा पळस्प्याजवळच्या एका गावच्या शाळेत झाली. परीक्षक अलिबागहून आले होते, वयस्क, जाड चष्मा, कमी बोलणारे. भगवानला चौथीचा वर्ग मिळाला, विषय नकाशावाचन. आम्ही बाकीचे व्हरांड्यात उभे होतो. बाईंना परीक्षेच्या वर्गात बसायची परवानगी नव्हती. त्या खिडकीबाहेर पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

भगवान चांगला बोलत होता. मोकळा, हसतमुख. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगलेला. "नकाशात उत्तर दिशा नेहमी वर असते. सांगा बघू, उत्तर कुठं?" आणि अर्ध्या वर्गाने बोटं वर केली, सरळ छताकडे. एक मुलगी तर मान मागे टाकून कौलांकडे बघत होती.

भगवानने ते पाहिलं. आम्ही त्याचा चेहरा बघत होतो. तो क्षणभर थांबला, घड्याळाकडे नजर टाकली आणि पुढे गेला. नद्या, तालुके, समारोप. घंटा झाली. परीक्षकांची मान वहीतच होती.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत परीक्षकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "काय म्हात्रे, कसा झाला पाठ?" याचं उत्तर ठरलेलं असतं. "बरा झाला, सर." शेजारी देवधर सर बसले होते. आम्ही खिडकीतून ऐकत होतो.

भगवान म्हणाला, "सर, काय झालं ते सांगू का?"

देवधर सर खोकले.

"सांगा," परीक्षक म्हणाले.

"मी म्हणालो, उत्तर वर असते. अर्ध्या मुलांनी छताकडं बोट केलं. मला दिसलं ते. पण वेळ संपत आला होता आणि तुमी मागं बसला होता, म्हणून मी पुढं गेलो. त्यानंतरचं सगळं त्या मुलांच्या डोक्यावरनं गेलं. नकाशा आधी जमिनीवर ठेवायला पाहिजे होता, सर. भिंतीवर नाय."

देवधर सरांनी डोळे मिटून घेतले. बाहेर बाईंनी पदर दातात धरला होता. मला वाटलं, संपलं. याने आपल्या हाताने स्वतःला नापास केलं.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे पाठ फसला, असं म्हणता?"

"अर्धा फसला, सर."

"मी छताकडची बोटं पाहिलीच नाहीत," परीक्षक सावकाश म्हणाले. "मी तुमचा फळा बघत होतो." मग मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "मधल्या सुट्टीनंतर तो वर्ग थोडा वेळ मिळेल का?"

सुट्टीनंतर भगवानने पोरांना मैदानात नेलं. नकाशा धुळीत पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले. "कर्नाळ्याचा सुळका कुठं हाय?" सगळी बोटं एकदम दक्षिणेला. अंगठ्यासारखा तो सुळका तिथून स्वच्छ दिसतो. "नकाशात कर्नाळा कुठं हाय? मग त्या बाजूला नकाशा फिरवा." पोरांनी गुडघ्यावर बसून नकाशा फिरवला. "आता सुळक्याकडं पाठ करून उभे ऱ्हावा. समोर काय?" "उत्तर!" मघाची कौलांकडे बघणारी मुलगी सगळ्यात मोठ्याने ओरडली. परीक्षक भर उन्हात उभे होते आणि त्यांनी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, स्वतःही सुळक्याकडे पाठ केली.

भगवान पास झाला. परीक्षकांनी जाताना सांगूनच टाकलं. बाई शाळेच्या माठातलं पाणी घटाघट प्यायल्या आणि म्हणाल्या, "चला. मला भूक लागली." नाक्यावरच्या टपरीवर त्यांनी दोन वडापाव खाल्ले. भगवान पाया पडायला वाकला तेव्हा त्याला वर ओढून म्हणाल्या, "सगळ्यांना समजलं?"

"दिनेशला नाय, बाई. निळ्या सदऱ्यातला. तो दुसऱ्यांचं बघून फिरत होता."

"मग?"

"उद्या येतो इथं."

आणि तो खरोखरच गेला. देवधर सरांनी टपरीवाल्याचा हिशेब भागवला आणि पहिल्यांदाच बाईंकडे शेंगा मागितल्या.

आम्ही पांगलो. मी पनवेल तालुक्यातल्याच एका शाळेत लागले, भगवान उरणकडे. काही वर्षं गेली. खारघरच्या बाजूला डोंगर फोडून रस्ते आखायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. बाईंचा आवाज बसल्याचं कानावर आलं. आधी सगळ्यांना वाटलं खोकला असेल, मग चार-सहा महिने झाले तरी तो उतरेना. बाई काढे पीत होत्या आणि पाठ बघत होत्या. शेवटी देवधर सरांनी त्यांना जवळजवळ पकडूनच मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. घशात गाठ निघाली. ती काढून तपासायला पाठवली. त्या दिवसांत आम्ही कुणी तो रोगाचा शब्द उच्चारला नाही. शोभा लग्न होऊन नाशिकला गेली होती, तिचे शेजाऱ्यांकडून फोन येत. भगवान रोज शाळा सुटल्यावर देवधर सरांच्या दाराशी जाऊन उभा राहायचा.

मी वर्गात होते. दारात देवधर सर दिसले. स्कूटरवरून आलेले, केस विस्कटलेले. त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"साधी आहे," ते म्हणाले. "गाठ साधी आहे. काही नाही त्यात." आणि ते पायरीवर खाली बसले. माझ्या वर्गातल्या पोरांनी त्यांना पाणी आणून दिलं. ते पाणी प्याले आणि म्हणाले, "आता भगवानकडे जायचंय. फोन नाही त्याच्या शाळेत." मी म्हटलं, सर, थोडं बसा. तर म्हणाले, "तो वाट बघत असेल गं." आणि उठलेच.

डॉक्टरांनी बाईंना बोलायची सक्त मनाई केली होती. घसा पूर्ण बरा होईपर्यंत एक शब्द नाही. बाई रजा घेतील असं सगळ्यांना वाटलं. त्या लहान मुलाची पाटी आणि खडू घेऊन विद्यालयात हजर झाल्या. मागच्या बाकावर बसायच्या, पाठ बघायच्या, मग बदामाखाली शेंगा. देवधर सरच सांगत होते, आता पोरं जास्त बोलतात. बाई गप्प बसून बघत राहिल्या की समोरचा आपणहून सगळं सांगत सुटतो आणि मध्येच स्वतःच थांबून म्हणतो, अरे, इथे मी असं केलं होय! पाटीवर बाईंना फारसं काही लिहावंच लागत नाही. हे सांगताना सरांचा स्वर असा होता, जणू ही पद्धत त्यांनीच शोधली.

डॉक्टरांची परवानगी मिळाली तो रविवार होता. बाईंनी आम्हाला गावी जेवायला बोलावलं होतं. मी, भगवान, देवधर सर आणि नाशिकहून खास आलेली शोभा. बाईंच्या घराच्या पडवीत आम्ही गोल बसलो. त्यांची धाकटी जाऊ मंजुळाबाई, पुतणे, शेजारणी, सगळे जमले होते. बाई मध्ये, खुर्चीवर, नवी साडी नेसून. बाई पहिलं काय बोलणार, यावर पुतण्यांच्या पैजा लागल्या होत्या. देवधर सरांचं म्हणणं, बाई आभार मानतील. शोभा म्हणत होती, 'काय झालं?' विचारतील.

बाईंनी आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं. सगळे थांबले. बाईंचे ओठ उघडले, पुन्हा मिटले. भगवानच्या डोळ्यांत आधीच पाणी. बाईंनी नाक वर केलं, हुंगलं, आणि त्यांच्या घशातून घोगरा, खरखरीत, पण स्पष्ट आवाज आला.

"गो मंजुळे, भात करपला!"

मंजुळाबाई किंचाळून आत धावल्या. आणि मग पडवीत जो हशा उठला, तो थांबेना. शोभा भिंतीला डोकं टेकून हसत होती आणि रडत होती. देवधर सरांनी रुमाल तोंडावर धरला होता, त्यांचे खांदे हलत होते. भगवान तर उठून अंगणातच गेला. आम्ही तो करपलेला भात वरून वरून काढून कोलंबीच्या कालवणाबरोबर खाल्ला. तसं जेवण मी नंतर कुठे जेवले नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मुलगा त्यांना बडोद्याला घेऊन गेला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. ख्यालीखुशाली कळत राहिली. तिथेही शेजारच्या शाळेत मागे जाऊन बसतात, असं कुणीतरी सांगितलं.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या रविवारच्या दुपारच्या बाई आहेत. आम्हाला सोडायला त्या गावच्या फाट्यापर्यंत चालत आल्या होत्या. पनवेलची एस.टी. आली, आम्ही चढलो, भगवान दारातच लोंबकळत राहिला. बस हलली तशा बाई हात उंचावून जोरात ओरडल्या, "भगवान, आत हो आधी! पडशील रे!"

"ए बाय, वरडू नको!" मागून मंजुळाबाई त्यांच्याहून मोठ्याने ओरडल्या. "डाक्टर काय बोललाय?"

बाईंनी झटकन दोन्ही हात तोंडावर ठेवले. धूळ उडत होती, बस वळणाकडे चालली होती. दोन्ही तळव्यांनी तोंड गच्च झाकून बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, आणि हसून हसून त्यांचे खांदे हलत होते.